फीत आहे, यंत्र नाही

महाराष्ट्रातील कितीतरी घरांच्या माळ्यांवर, संगीतसभांच्या कपाटांत आणि महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत स्पूल टेपरेकॉर्डरच्या फिती आज पडून आहेत. पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यावर शाईने लिहिलेले गायकाचे नाव, राग, तारीख आणि साथीदार अजून वाचता येतात. आत साठवलेले गाणे मात्र ऐकता येत नाही. पुष्कळदा फीत शाबूत असते, पण ती वाजवणारे चालू यंत्र साऱ्या जिल्ह्यात सापडत नाही. पुस्तक वाचायला डोळे पुरतात, छायाचित्र पाहायला उजेड पुरतो. ध्वनिफीत यंत्राविना मुकी असते. या साध्या वस्तुस्थितीचे गांभीर्य शासनाच्या, विद्यापीठांच्या व संगीतसंस्थांच्या ध्यानात अद्याप पुरतेपणी आलेले दिसत नाही.

इशारे मिळाले नव्हते असे म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली एक टिपण प्रसिद्ध करून २०२५ ही चुंबकीय फितींच्या जतनाची अखेरची मुदत मानावी, असे बजावले होते. युनेस्कोच्या ‘सर्वांसाठी माहिती’ या कार्यक्रमाने ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साह्याने २०१९ साली जगभर पाहणी केली आणि २०२० साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. फितीपेक्षा यंत्रे, सुटे भाग आणि जाणते कारागीर यांचा तुटवडा हेच मोठे संकट आहे, असा या साऱ्याचा मथितार्थ होता. अशा मुदती पंचांगातल्या मुहूर्तासारख्या नसतात. अमुक तारखेला जगातील सगळी यंत्रे एकदम बंद पडली, असे घडत नाही. एक यंत्र आज बंद पडते, दुसरे उद्या. एक कारागीर निवृत्त होतो, दुसऱ्याची नजर अधू होते. आणि एक दिवस असा उजाडतो की, उरलेल्या कामाला उरलेली साधने पुरणार नाहीत. तो दिवस आता फार दूर नाही.

ख्यालाला मिळालेला अवकाश

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांना हा सारा छांदिष्टांचा उद्योग वाटण्याची शक्यता आहे. म्हणून फितीने काय दिले, हे आधी पाहिले पाहिजे. फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन संशोधकाने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देऊन तिच्यावर ध्वनी मुद्रित करण्याची पद्धत शोधली. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीचे ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेत गेली आणि १९४८ साली अँपेक्स कंपनीचे यंत्र तेथील ध्वनिमुद्रणगृहांत दाखल झाले. स्वित्झर्लंडमध्ये विली श्टुडर यांच्या कारखान्याने श्टुडर व रेव्हॉक्स ही नावे जगभर नेली. त्याच देशात श्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली खांद्याला अडकवून नेता येईल असे ‘नाग्रा’ हे यंत्र तयार केले. पुढे ग्रुंडिग, ऊहेर, फिलिप्स, अकाई, टीॲक, सोनी यांची यंत्रे मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचली.

हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व यंत्रशास्त्रापेक्षा वेगळे आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. थोर गायकांनाही आपला ख्याल त्या चिमटीत बसवावा लागे. विलंबित आलापीचा विस्तार त्यात शक्यच नव्हता. लाँगप्ले तबकडी आल्यावरही एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांची मर्यादा राहिली. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत गुंडाळली आणि ती सेकंदाला साडेसात इंच या वेगाने चालवली तर बत्तीस मिनिटे मिळतात. अठराशे फुटांची पातळ फीत निम्म्या वेगाने चालवली तर तब्बल शहाण्णव मिनिटे मिळतात, आणि तेही एका बाजूला. मैफलीतला राग जसा उलगडतो तसा, श्रोत्यांच्या दादेसह, तबलजीच्या ठेका धरण्यासह आणि गायकाच्या अधूनमधूनच्या बोलण्यासह प्रथमच टिपता आला. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित विस्तार किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांची अनवट रागांची मांडणी आजच्या विद्यार्थ्याला ऐकता येते, याचे पुष्कळसे श्रेय आकाशवाणीच्या व खाजगी संग्राहकांच्या फितींना आहे.

भावसंगीताचीही हीच कथा आहे. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे आठवड्यामागून आठवडे ती छप्पन्न गीते महाराष्ट्राने ऐकली. आज घरोघर आहे ती सुधीर फडके यांच्या एकट्याच्या स्वरातील ध्वनिमुद्रिका. मूळ कार्यक्रमात मात्र वेगवेगळ्या व्यक्तिरेखांची गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. एखाद्या कलाकृतीचे मूळ रूप आणि तिचे लोकप्रिय रूप यांतला हा फरक जाणून घ्यायचा तर त्याला त्या काळच्या ध्वनिमुद्रणाखेरीज दुसरा आधार नाही. व्याख्याने, कीर्तने, नाट्यप्रयोग, लोककलावंतांची गाणी, वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती अशी कितीतरी सामग्री याच अरुंद, तपकिरी पट्टीवर नोंदली गेली आहे. त्यातली बहुतेक एकाच प्रतीत आहे. छापील पुस्तकाच्या हजार प्रती असतात. एक हरवली तरी नऊशे नव्व्याण्णव उरतात. फितीला हे भाग्य नाही.

यंत्र कसे मरते

ही यंत्रे दणकट होती. पण त्यांचे मरणही चमत्कारिक असते. जाड पोलादी सांगाडा, तांब्याच्या तारांचे रोहित्र, वजनदार मोटर हे सगळे पन्नास-साठ वर्षांनंतरही ठणठणीत राहते आणि रबराचे एक चाक दगा देते. फितीला दाबून धरून पुढे नेणारा पिंच रोलर कालांतराने कडक होऊन गुळगुळीत होतो, किंवा डांबरासारखा चिकट होऊन वितळतो. पट्ट्यांचेही तेच होते. मग फितीचा वेग स्थिर राहत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या गजबजाटात हा दोष एखाद्या वेळी झाकला जाईल. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा अखंड नाद असल्याने वेगातील किंचित चढउतारही लगेच उघडा पडतो. षड्जच थरथरू लागला तर पुढचे गाणे काय ऐकायचे?

रबरानंतर वंगणाची पाळी येते. कारखान्यात घातलेले ग्रीस गोंदासारखे घट्ट होते आणि बटणे, दांडे, चकत्या जागच्या जागी अडकतात. मग कंडेन्सर. आतले द्रव्य सुकले की आवाजात घरघर येते. वीजपुरवठ्याच्या तोंडाशी बसवलेले जुन्या पद्धतीचे कागदी कंडेन्सर दमट हवेने तडकतात आणि अनेक वर्षांनी यंत्र कौतुकाने चालू करणाऱ्याच्या तोंडावर धूर सोडतात. व्हॉल्व्हच्या यंत्रांतील सेलेनियमचे रेक्टिफायर जळाले तर दुर्गंधी सुटते. म्हणूनच माळ्यावरून काढलेले यंत्र थेट विजेला जोडू नये, हा या व्यवसायातला पहिला धडा आहे. तो न पाळल्यामुळे दुरुस्त होण्याजोगी कितीतरी यंत्रे कायमची गेली असतील.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे हेड. त्यावरील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकी असते. फीत वर्षानुवर्षे घासून हेडला चर पडतो. तज्ज्ञ कारागीर हेड घासून पुन्हा सपाट करू शकतो, पण हे एका मर्यादेपर्यंतच करता येते. त्यापुढे नवे हेड हवे आणि बहुतेक जुन्या यंत्रांची हेडे आता कोणी तयार करत नाही. हेड बसवले तरी ते फितीशी अचूक काटकोनात जुळवावे लागते. कोन किंचित चुकला की आवाजातले तार स्वर बोथट होतात, व्यंजने पुसट होतात आणि गाणे घोंगडीआडून ऐकल्यासारखे वाटते. ऐकणारा म्हणतो, जुने ध्वनिमुद्रण असेच असायचे. वस्तुतः दोष मुद्रणाचा नसतो, जुळणीचा असतो.

आणखी एक बारकावा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेली अनेक यंत्रे तेथील ११७ व्होल्ट व ६० आवर्तनांच्या विजेवर चालण्यासाठी बनवलेली होती. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो, त्यामुळे यंत्र चालू होते आणि मालक समाधान पावतो. परंतु ज्यांची मोटर आवर्तनांच्या तालावर फिरते, अशी यंत्रे आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर पाच-षष्ठांश वेगानेच चालतात. काळी एकच्या पट्टीतला गायक मग खालच्या सप्तकातल्या काळी पाचमध्ये गाताना ऐकू येतो, लय रेंगाळते आणि आवाजाचा पोत पार बदलतो. मोटरच्या अक्षावरील छोटी पुली बदलली की हा दोष जातो. ती पुली कोणत्याही चांगल्या टर्नरला लेथवर करून देता येईल; पण तिची गरज आहे हे आधी कोणाला तरी कळले पाहिजे. चुकीच्या वेगाने उतरवलेली ध्वनिमुद्रणे एकदा प्रसृत झाली की त्यांवरून अमुक गायकाची पट्टी तमुक होती, अशी विद्वत्तापूर्ण विधानेही होऊ लागतात. यांत्रिक चूक अशा रीतीने इतिहासात शिरते.

सुट्या भागांचा शोध

या यंत्रांचे भाग मिळवण्याची विद्या ही आता एक स्वतंत्र विद्या झाली आहे. मुंबईत चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात जुना बाजार आणि बुधवार पेठेतील तापकीर गल्ली यांचा आधार जुन्या जाणकारांनी वर्षानुवर्षे घेतला. कंडेन्सर, रेझिस्टर, वायर, प्लग हे अजूनही मिळते. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर सहसा मिळत नाहीत, पण सर्किटात थोडा फेरफार करून त्यांच्या जागी सिलिकॉनचे बसवता येतात. गंमत अशी की, व्हॉल्व्हची तितकी अडचण नाही. गिटारवादक आणि हौशी श्रोते यांच्या मागणीमुळे काही जातींचे व्हॉल्व्ह रशियात व स्लोव्हाकियात अद्याप तयार होतात. जे तंत्र सर्वांत कालबाह्य मानले गेले त्याचे भाग मिळतात आणि अंगठ्याएवढ्या रबरी चाकासाठी यंत्र अडून राहते, असा हा उलटा न्याय आहे.

सर्वच यंत्रांचे नशीब सारखे नाही. १९६७ साली आलेला रेव्हॉक्स ए ७७ आणि १९७७ चा बी ७७ यांचे पट्टे, रोलर, कंडेन्सरांचे संच युरोपातील विशेषज्ञ विक्रेत्यांकडून आजही मिळतात. ही यंत्रे मोठ्या संख्येने विकली गेली, त्यांची अंतर्रचना सुटसुटीत आहे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका तपशीलवार आहेत. याउलट घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांचे भाग मिळण्याची आशा कमी; तेथे दोन मृत यंत्रांतून एक जिवंत करणे हाच मार्ग उरतो. आपल्या माळ्यांवर अशाच यंत्रांची संख्या जास्त असणार, हे उघड आहे. परदेशातून भाग मागवायचा म्हटले तर पुष्कळदा वस्तूच्या किमतीपेक्षा टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून अधिक होतात आणि कोणत्या शीर्षाखाली शुल्क आकारावे यावर कागद फिरत राहतात. ध्वनिसंग्रहासाठी मागवलेला रबराचा रोलर आणि चैनीची वस्तू यांत भेद करण्याची सोय आपल्या व्यवस्थेत असायला हवी.

वास्तविक यांतले पुष्कळसे भाग येथेच करता येतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात ज्यांनी यंत्रभागांत मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा सांभाळला, त्यांना पितळी तुंब्यावर रबर चढवून तो रोलर अचूक गोल करणे अवघड नाही. तडकलेले प्लॅस्टिकचे दातेरी चाक त्रिमिती छपाईने करता येते. अडचण कौशल्याची नसून मागणी विखुरलेली असण्याची आहे. एका माणसाला एकच रोलर हवा असतो आणि एका रोलरसाठी साचा करणे कारखानदाराला परवडत नाही. शंभर संस्था व संग्राहक यांनी आपापली गरज एकत्र नोंदवली तर तेच काम सहज होईल. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे सुचवावे लागावे, यात थोडी नामुष्की आहे.

कारागिराचे ज्ञान

भाग मिळाले तरी हात लागतात. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारी दुकाने एकेकाळी प्रत्येक तालुक्याच्या गावी होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्तीचे रीतसर शिक्षण मिळत असे. त्या पिढीतले कारागीर आज वृद्धापकाळी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना सर्किटचा नकाशा तोंडपाठ असतो, मोटरच्या आवाजावरून बेअरिंगचे दुखणे कळते. हे ज्ञान कोणी लिहून घेतलेले नाही. गायकाची बंदिश शिष्याच्या गळ्यात उतरवून ठेवावी, ही जाणीव आपल्याला आहे. ती बंदिश ज्या यंत्राने टिपली त्याच्या दुरुस्तीची विद्याही गुरुमुखीच आहे, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. वाद्य घडवणाऱ्या हातांचा गौरव करणाऱ्या समाजाने वाद्याचा नाद जपणाऱ्या हातांची निदान मोजदाद तरी करावी.

अर्धवट ज्ञान येथे अज्ञानाहून घातक ठरते. १९७० नंतरच्या काही फितींतील लेपाचे बंधकद्रव्य हवेतील बाष्प शोषून चिकट होते. अशी फीत वाजवली की ती हेडला चिकटते, किंचाळते आणि ध्वनीचा लेपच खरवडून निघतो. तिला सुमारे पन्नास अंश सेल्सिअसच्या नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवले तर काही आठवड्यांपुरती ती वाजवण्याजोगी होते. पण हाच उपाय त्याआधीच्या ॲसिटेटच्या फितीवर केला तर ती वाकडीतिकडी होऊन कामातून जाते. कोणती फीत कोणत्या जातीची, हे ओळखता न येणाऱ्या उत्साही माणसाच्या हाती ती देणे म्हणजे रोग न ओळखता औषध देण्यासारखे आहे. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात बाष्पाखेरीज बुरशीचाही उपद्रव असतो. ती साफ न करता फीत यंत्रावर चढवली, तर फीत आणि यंत्र दोहोंचेही नुकसान ठरलेले.

आक्षेप आणि उत्तरे

या प्रयत्नांवर घेतले जाणारे आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, आता सगळे काही संगणकावर उपलब्ध आहे. जुनी यंत्रे कशाला उकरून काढायची? उत्तर सोपे आहे. संगणकावर जे आले ते कोणत्या तरी यंत्रावर वाजवूनच आले. त्यातले पुष्कळसे फितीवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून संगणकावर असे दोन-तीन हातांतून आलेले, आवाज दाबून लहान केलेले आणि क्वचित चुकीच्या वेगाचेही असते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंकीय रूपांतरासाठी निकष घालून दिले आहेत. त्या निकषांनी मूळ फीत एकदाच, पण नीट उतरवली, तर यंत्राची गरज खरोखरच संपेल. यंत्र कायम जगवावे असा हा आग्रह नाही. काम पुरे होईपर्यंत ते जगावे, एवढीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ज्या राज्यात शाळांना खोल्या नाहीत तेथे टेपरेकॉर्डरवर पैसे कशाला, असे विचारले जाईल. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. पण येथे मोठे बांधकाम अभिप्रेत नाही. काही चालू यंत्रे, मोजणीची साधने, सुट्या भागांचे कपाट आणि चार-सहा शिकलेली माणसे, इतकाच हा संसार आहे. शिवाय प्रत्येक फीत वाचवण्याच्या लायकीची असते, असेही नाही. ज्याच्या तबकड्या उपलब्ध आहेत ते संगीत किंवा रेडिओवरून उतरवलेली चित्रपटगीते यांसाठी दुर्मिळ हेडची झीज करणे योग्य होणार नाही. निवड करावी लागेल आणि ती जाणकारांनी करावी लागेल.

तिसरा आक्षेप हक्कांचा आहे. खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे कलावंताच्या संमतीने झाली होती की नाही, हे आज सांगता येत नाही. केसरबाई केरकरांसारख्या गायिका ध्वनिमुद्रणाबाबत कमालीच्या सावध होत्या, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या भावनांचा व कलावंतांच्या वारसांच्या कायदेशीर हक्कांचा मान राखलाच पाहिजे. परंतु जतन आणि प्रसारण या दोन भिन्न गोष्टी आहेत. फीत सुरक्षित उतरवून ठेवल्याने कोणाचा हक्क बुडत नाही. तिचे पुढे काय करायचे, याचा निर्णय नंतर शांतपणे घेता येतो. फीतच नष्ट झाली तर हक्क उरतो आणि हक्काचा विषय मात्र उरत नाही.

काय करता येईल

ब्रिटिश लायब्ररीने २०१५ साली धोक्याची घंटा वाजवली आणि २०१७ ते २०२२ या काळात लॉटरीच्या निधीतून देशभरातील दहा केंद्रांच्या साह्याने ध्वनिमुद्रणे वाचवण्याची मोहीम राबवली. त्यात स्थानिक संस्थांत यंत्रे बसवली गेली आणि तेथील माणसे तयार केली गेली, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे साधनसामग्रीचा अगदीच अभाव आहे असे नाही. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात ध्वनिसंग्रह आहे. १९८२ साली स्थापन झालेले लोक व अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे अभिलेखागार आता गुरुग्राममध्ये शास्त्रशुद्ध रीतीने चालते. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाने उत्तर हिंदुस्थानी संगीताचा संग्रह उभा केला आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने सांस्कृतिक दृक्-श्राव्य सामग्रीचे अंकीय भांडारही सुरू केले. कोठार आहे, धान्यही आहे; दळण्याचे जाते बंद पडत चालले आहे.

चित्रपटांच्या बाबतीत आपण थोडे शहाणे झालो आहोत. मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१५ पासून चित्रपटजतनाची प्रशिक्षणशिबिरे भरवली आणि त्यांतून माणसे तयार झाली. ध्वनीसाठी असेच का होऊ नये? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत ध्वनिमुद्रणाचे शिक्षण मिळते, आकाशवाणीचे केंद्र आहे आणि संगीताचे संग्राहक तर गल्लोगल्ली आहेत. या शहरात ध्वनियंत्रांची एक सार्वजनिक कार्यशाळा उभी राहणे अगदी स्वाभाविक आहे. तेथे जुन्या कारागिरांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे, तरुण तंत्रज्ञांनी त्यांच्या हाताखाली शिकावे आणि शिकताना प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी. खाजगी संग्राहकाने फीत आणावी, वाजवी शुल्कात तिची उत्तम प्रत घेऊन जावी आणि एक प्रत सार्वजनिक संग्रहासाठी ठेवण्यास संमती द्यावी, अशी देवघेव दोन्ही पक्षांना लाभाची ठरेल.

त्याआधी एक काम तातडीचे आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. शासकीय कार्यालये, विद्यापीठे, महाविद्यालये आणि नभोवाणी केंद्रे यांची जुनी यंत्रे निर्लेखित होऊन लिलावात निघतात आणि किलोच्या भावाने भंगारात जातात. ज्या हेडसाठी एखादा संग्राहक वर्षभर वणवण करतो ते लोखंडाच्या भावाने वितळते. स्पूल टेपरेकॉर्डर, त्याचे सुटे भाग आणि पुस्तिका लिलावात काढण्यापूर्वी नियुक्त संस्थेला कळवाव्यात, असे एक परिपत्रक राज्य शासनाने काढले तरी पुष्कळ काही वाचेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या कल्पनेला चालना दिली आणि त्यासाठी एक माहितीस्थळही उघडले. तो विचार नव्या वस्तूंच्या उत्पादकांपुरता आहे. ज्यांचे उत्पादक केव्हाच दुसऱ्या धंद्यांकडे वळले त्या पोरक्या यंत्रांचाही त्यात समावेश व्हावा. त्यांच्या पुस्तिका व नकाशे मुक्तपणे छापता यावेत आणि अभिलेखागारांनी मागवलेल्या भागांना सीमाशुल्कातून सूट मिळावी.

हौशी माणसांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जगभर आज या यंत्रांचे नव्याने आकर्षण निर्माण झाले आहे. फ्रान्समध्ये व अमेरिकेत फीत पुन्हा तयार होऊ लागली आहे. या हौसेमुळे सुटे भाग करणारे छोटे कारखाने जगले, पुस्तिका जतन झाल्या, अनुभवाची देवाणघेवाण वाढली; हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्याच हौसेमुळे चांगल्या यंत्रांच्या किमती वाढल्या आणि संग्रहालयात असायला हवे ते यंत्र दिवाणखान्यात शोभेला गेले, हेही खरे. हौशी आणि संस्था यांनी परस्परांकडे संशयाने पाहण्याऐवजी एकत्र येण्यातच शहाणपण आहे. हौशाकडे चिकाटी असते आणि संस्थेकडे स्थैर्य. या कामाला दोन्हींची गरज आहे.

मराठी समाज आपल्या संगीतप्रेमाविषयी अभिमानाने बोलतो. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव, गावोगावच्या संगीतसभा, नाट्यसंगीताचे वेड यांचे दाखले दिले जातात. ते खोटे नाहीत. तथापि जे ऐकले त्याची राखण करणे हाही रसिकतेचाच भाग आहे. एखाद्या जुन्या मैफलीची फीत आज नीट उतरवायची तर एक रबरी चाक, दोन-चार कंडेन्सर, एक घासलेले हेड आणि जाणत्या माणसाची काही तासांची मेहनत एवढे पुरते. दहा वर्षांनी त्याच फितीसाठी कितीही पैसे मोजले तरी हे चार पदार्थ एकत्र येतीलच, याची शाश्वती कोणी देऊ शकणार नाही. ज्यांच्या माळ्यावर फिती आहेत त्यांनी त्यांची यादी करावी, ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी ते भंगारात देऊ नये आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी एक कार्यशाळा व एक परिपत्रक एवढे तरी या वर्षात मनावर घ्यावे.